जुन्या तलवारींवरचा मजकूर कसा वाचावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, वाशी, बेलापूर या भागांतून असे प्रश्न वर्षभर येतात. खंडेनवमीच्या आधी आणि जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटसाठी रिकाम्या होताना त्यांची गर्दी होते. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माळ्यावर तलवार सापडली. पात्यावर काही लिहिलंय असं वाटतं. आधी काय करू?

घासू नका, पुसूही नका. तलवार उपसताना म्यान मुठीत गच्च धरू नका. जुन्या म्यानाचं लाकूड आणि शिवण उसवलेली असते, पातं आतून बाहेर येऊन बोटं कापतात. म्यान पाठीच्या बाजूने धरा, धारेच्या बाजूला हात नको. पातं अडकलं असेल तर हिसका देऊ नका. म्यानाच्या तोंडात शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या.

हातात सुती मोजे घाला, कारण घामाच्या बोटांचे ठसे दोन-तीन दिवसांत गंज म्हणून उमटतात. मग तलवार आडवी ठेवा, मूठ उजवीकडे आणि धार खाली. समोर दिसते ती बाजू 'अ', उलटी बाजू 'ब'. पुढच्या सगळ्या फोटोंना आणि टिपणांना हीच खूण वापरा. पात्याची सरळ रेषेतली लांबी, मुठीजवळची रुंदी आणि वजन लिहून ठेवा.

२. गंजामुळे अक्षरं दिसत नाहीत. चिंच किंवा लिंबू लावून चालेल का?

नाही. पितळ घासायची पावडर, पॉलिशची पेस्ट, सँडपेपर, तारेचा ब्रश, बाथरूमचं ॲसिड, यांतलं काहीही नको. सोन्याची अक्षरं बहुतेक वेळा कोफ्तगिरीची असतात. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओरखडून त्या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. सोन्याला आंबटाने काही होत नाही, पण त्याखालचं लोखंड विरघळतं आणि सोनं सुटून येतं. एका दुपारच्या स्वच्छतेत अख्खी ओळ गेल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

शिवाय पातं जौहरदार, म्हणजे पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या पोलादाचं असेल तर घासण्याने ती नक्षीही पुसट होते.

करण्यासारखं एवढंच: मऊ सुती कापडाने मशीनचं तेल लावा, २४ तास ठेवा, टिपून घ्या. अक्षरांच्या खाचेतला मळ लाकडी टूथपिकने अलगद काढा, तोही अक्षर कोरीव असेल तरच. सोनं किंवा चांदी दिसली की तिथे थांबा. उरलेला गंज वाचनाच्या आड येतोच असं नाही. बरंच काम उजेड करतो (प्रश्न ३).

३. फोटो कसे काढू?

खोली अंधारी करा. तलवार पांढऱ्या चादरीवर ठेवा, मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा म्हणजे हलणार नाही. फ्लॅश बंद. टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर, साधारण १५ ते २० अंशांत, एका बाजूने मारा. उथळ खाचांची सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. एकाच जागेचे चार फोटो काढा: उजेड वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. मुठीच्या दिशेने आलेल्या उजेडात न दिसणारी रेघ टोकाच्या दिशेने आलेल्या उजेडात दिसते.

सोन्याच्या अक्षरांसाठी उलट पद्धत आहे. पात्यासमोर काळं कापड धरा म्हणजे चकाकणारं पोलाद काळं दिसेल आणि सोनं वेगळं निघेल.

- एका फोटोत चार-पाच अक्षरंच घ्या, आणि शेजारच्या फोटोशी एक तृतीयांश भाग सामाईक ठेवा.
- बाजूला पट्टी ठेवा.
- सेल्फी कॅमेरा वापरू नका. तो बऱ्याच फोनांत प्रतिमा आरशासारखी उलटी करतो आणि फारसी मजकुराचा पार गोंधळ होतो.
- व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारीक ठिपके नाहीसे होतात.
- संपूर्ण तलवारीचे दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. नुसत्या अक्षरांच्या फोटोवरून कालखंड सांगता येत नाही.

४. कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला तर?

खोल कोरलेल्या किंवा ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेल्या मजकुराचा घ्या, उत्तम येतो. ट्रेसिंग पेपर कडेने चिकटपट्टीने बसवा (पट्टी पात्याला नको, पात्याखालच्या कापडाला लावा) आणि ४बी पेन्सिल आडवी धरून हलकी फिरवा. सोन्या-चांदीच्या कामावर मात्र ठसा कधीच घेऊ नका. सुटत आलेला वर्ख कागदाला चिकटून निघतो.

५. मजकूर तलवारीवर नेमका कुठे शोधायचा?

पात्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीपासून पहिल्या वीतभर लांबीत आधी पाहा. कारागिराचं नाव, दुआ, तावीज बहुधा इथेच असतात. मग पाठ पाहा, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड. लोक ती हमखास विसरतात. मालकाचं नाव, पदवी आणि इंग्रजी कारखान्यांचे शिक्के तिथे सापडतात. त्यानंतर मुठीच्या वरच्या तबकडीची आतली बाजू आणि परजेचा (हात झाकणाऱ्या आडोशाचा) आतला भाग तपासा. सिलेखान्याचे (शस्त्रागाराचे) क्रमांक तिथे ठिपक्यांनी घातलेले असतात.

मुठीच्या आत गेलेल्या भागावरही खूण असू शकते, पण ती पाहायला मूठ काढू नका. पातं मुठीत लाख-राळेने बसवलेलं असतं. ते तापवून सोडवायचा प्रयत्न केला की पात्याचं पाणी उतरतं आणि मुठीवरचं सोनं जातं.

६. लिपी कोणती ते कसं ओळखू?

शेपट्या लांब, अक्षरं तिरकी उतरत जाणारी आणि एकमेकांवर रचलेली असतील तर नस्तालीक, आणि भाषा बहुतेक फारसी. अक्षरं सरळ रेषेवर, गोलाकार आणि वर-खाली जेर-जबरच्या (स्वरांच्या) खुणा असतील तर नस्ख किंवा सुलुस, आणि मजकूर बहुतेक अरबी, म्हणजे कुराणातली आयत (वचन) किंवा दुआ (प्रार्थना).

वर आडवी रेघ असली म्हणजे देवनागरीच असं समजू नका. गुरुमुखीलाही रेघ असते. गुरुमुखीतला 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो, 'म' आपल्या 'भ'सारखा, 'ध' आपल्या 'प'सारखा. देवनागरी समजून वाचलेली ओळ निरर्थक येत असेल तर ही तीन अक्षरं बदलून पाहा. 'अकाल सहाय' असं काही निघालं तर तलवार शीख परंपरेतली आहे.

उलट, देवनागरी असूनही रेघ नसणं हेही नेहमीचं (प्रश्न १३).

७. आमचं घराणं मराठा. मग पात्यावर 'अल्लाह' आणि 'अली' कसे? तलवार आमची नाही का?

तुमचीच असू शकते. पातं आणि मूठ या दोन वेगळ्या वस्तू समजा. चांगलं पातं शंभर-दीडशे वर्षं हातोहात फिरायचं. व्यापारातून यायचं, खिलतीत (दरबारी मानाच्या भेटीत) मिळायचं, लढाईत हाती लागायचं, आणि नवा मालक त्याला आपल्या पसंतीची मूठ बसवायचा. दक्षिणेतली किती हत्यारं बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात आहेत ते पाहा. महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूने आदोनीच्या मोहिमेत होते. १६८९ मध्ये आदोनी पडल्यावर तिथली शस्त्रं बिकानेरला गेली आणि त्यांच्यावर देवनागरीत नोंदी ठोकल्या गेल्या. एकाच पात्यावर दख्खनी कारागिराचं काम आणि मारवाडी कारकुनाची नोंद असते, आणि दोन्ही खरी असतात.

फारसी ही तेव्हा दरबाराची भाषा होती. 'पेशवा', 'सरनोबत', 'फडणवीस' हे शब्द जसे आपल्याकडे आले तशीच ही पातीही आली. 'तेवढी अक्षरं घासून काढता येतील का' असंही काही जण विचारतात. कृपा करून तसं करू नका. त्या चार अक्षरांत पात्याचा कालखंड आणि प्रवास लपलेला असतो. ती गेली की हाती नुसतं लोखंड उरतं.

८. फारसी ओळ वाचायला सुरुवात कुठून करू?

आधी दिशा ठरवा. फोटो चारही बाजूंनी फिरवून पाहा. ज्या स्थितीत लांब उभ्या रेघा (अलिफ, लाम) वर जातात ती खरी. मग उजवीकडून डावीकडे. बदामी चौकटीत अक्षरं थरांनी रचलेली असतील तर नस्तालीकमध्ये वाचन बऱ्याचदा खालच्या थरातून सुरू होऊन वर जातं. वरून वाचायला घेतलं की शब्द ओळखू येतात पण वाक्य लागत नाही. असं झालं की दिशा बदला.

नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, कारागीर सर्रास गाळतात किंवा मोकळ्या जागेत कुठेही देतात. गंजाचा खड्डाही नुक्त्यासारखा दिसतो. म्हणून एका ठिपक्याच्या आधारावर नाव ठरवू नका.

अँकरसारखे उपयोगी पडणारे शब्द थोडेच आहेत: 'अमल' (अमुकाचं काम), 'सनह' (साल, याच्या लांब शेपटीवर आकडे बसवलेले असतात), 'बंदा' (सेवक), 'सरकार' (मालक संस्थान), 'या' (हे, संबोधन). हे आधी शोधा, मग उरलेला मजकूर. एक सावधगिरी: 'अमल-ए' हा मराठी 'अंमल' नव्हे. 'अमल-ए असदुल्लाह' म्हणजे असदुल्लाहची राजवट असं भाषांतर आमच्याकडे वारंवार येतं. तो कारागीर आहे.

९. कोणते मजकूर जास्त आढळतात आणि त्यांचा अर्थ काय?

'नस्रुम मिनल्लाहि व फत्हुन करीब': अल्लाहकडून साहाय्य आणि जवळ आलेला विजय. कुराणातल्या ६१व्या सूरेतली (अध्यायातली) १३वी आयत. शस्त्रांवर ही सगळ्यात जास्त दिसते.

'इन्ना फतहना लक फत्हम मुबीना': आम्ही तुला उघड विजय दिला. ४८व्या सूरेची सुरुवात.

'ला फता इल्ला अली, ला सैफ इल्ला जुल्फिकार': अलीसारखा वीर नाही, जुल्फिकारसारखी तलवार नाही. हे वाक्य आहे म्हणून तलवारीचं नाव जुल्फिकार, असं होत नाही.

'नादि अलीयन...' अशी सुरुवात असेल तर ती नाद-ए-अली ही दुआ. शिया परंपरेतली, दख्खनी आणि इराणी कामांवर भेटणारी. 'या फत्ताह' म्हणजे हे विजयद्वार उघडणाऱ्या, हे ईश्वराचं नाव.

'बंदा-ए शाह-ए विलायत अब्बास': इथे बहुतेक जण अडखळतात. 'विलायत' म्हटलं की आपल्याला इंग्लंड आठवतं. इथे शाह-ए विलायत म्हणजे हजरत अली, आणि त्यांचा सेवक अब्बास म्हणजे इराणचा बादशाह शाह अब्बास.

या मजकुरांवरून धर्मपरंपरा कळते. मालक किंवा साल कळत नाही.

१०. पात्यावर 'अमल-ए असदुल्लाह इस्फहानी' आहे. म्हणजे मोठा ठेवा सापडला का?

बहुधा नाही. असदुल्लाह हा इराणच्या शाह अब्बास पहिल्याच्या काळचा नावाजलेला कारागीर मानला जातो, आणि त्या शाहची कारकीर्द १६२९ मध्ये संपली. असदुल्लाहच्या नावाच्या पात्यांवरची सालं मात्र एका माणसाच्या आयुष्यात मावणार नाहीत इतकी पसरलेली आहेत. हे नाव पुढे दर्जाची खूण म्हणून इराणात आणि हिंदुस्थानातही घातलं गेलं. त्याचा मुलगा म्हणून ओळखला जाणारा कल्ब अली, याच्या सहीचीही तीच गत.

म्हणून सही शेवटी पाहा. आधी पातं: जौहर आहे का, वक्रता कशी, धार किती झिजली. पातं झिजून अरुंद झालं आणि सही मात्र काठोकाठ ताजी असेल तर ती नंतर घातलेली आहे. पातं उत्तम असेल तर सही खोटी निघाल्याने ते वाईट होत नाही. आमच्या मते सोनेरी सहीपेक्षा मुठीच्या तबकडीच्या आत ठिपक्यांनी ठोकलेला भांडाराचा क्रमांक जास्त विश्वासाचा असतो. तो कुणाला भुरळ घालायला लिहिलेला नसतो.

११. छोट्या चौकोनात चार घरं आणि त्यांत आकडे किंवा सुटी अक्षरं आहेत. साल आहे का?

नाही, तो तावीज आहे. घरांत २, ४, ६, ८ किंवा त्यांची अरबी अक्षरं बे, दाल, वाव, हे असतात. मिळून 'बदूह' असा रक्षामंत्र होतो. '८६४२' हे साल म्हणून वाचू नका. असदुल्लाहच्या सहीच्या पात्यांवर हा चौकोन बऱ्याचदा जोडीला असतो.

१२. आकडे स्पष्ट आहेत. इसवी सन कसा काढायचा?

आधी आकडे नीट वाचा. फारसी मजकूर उजवीकडून वाचला तरी आकडे डावीकडूनच. शून्य म्हणजे ठिपका, आणि आपल्या शून्यासारखं गोल दिसतं ते पाच. म्हणून 'रेघ, रेघ, ठिपका, गोल' हे ११०५. सात इंग्रजी 'व्ही'सारखा आणि आठ उलट्या 'व्ही'सारखा. फोटो उलटा धरला की ७ चा ८ होतो. दिशा आधी का ठरवायची (प्रश्न ८) ते इथे कळतं.

मग कालगणना:

- हिजरी: सालाला ३३ ने भागा, तो भागाकार सालातून वजा करा, ६२२ मिळवा. ११०५ साठी ११०५ − ३३ + ६२२ = १६९४, प्रत्यक्षात १६९३-९४.
- विक्रम संवत: ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६.
- शालिवाहन शक: ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा ७९.
- राज्याभिषेक शक: १६७३ मिळवा.
- सुहूर सन: मे-जूनपासून पुढे ५९९, जानेवारीनंतर ६००.

नुसत्या '१७४६' या आकड्याचा अर्थ संवत असेल तर १६८९, शक असेल तर १८२४, आणि इसवी असेल तर १७४६. आकड्याआधी 'सं॥' आहे की 'शके', ते सापडेपर्यंत एकही साल पक्कं करू नका. ओळीची लिपी थोडी मदत करते. राजस्थानी देवनागरीत बहुधा संवत, महाराष्ट्रात बहुधा शक.

दोन सालं असतील तर पडताळणी होते. 'सन ११००, जुलूस ३२' घ्या (जुलूस म्हणजे बादशाहाच्या राज्यारोहणापासूनचं वर्ष). औरंगजेबाचं पहिलं जुलूस वर्ष १०६८ च्या रमजानपासून मोजतात, म्हणून ११०० हिजरीत रमजानआधी ३२वं आणि रमजानपासून ३३वं वर्ष येतं. ३२ किंवा ३३ दोन्ही बसतात. जुलूस २५ लिहिलं असेल तर वाचन चुकलं किंवा मजकूर बनावट.

अपवाद टिपू सुलतानचा. त्याने १७८७ च्या सुमारास मौलूदी सन सुरू केला, पहिलं वर्ष १२१५, आणि आकडे उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. डावीकडून वाचताना '८१२१' असं अशक्य साल दिसलं तर उलटं वाचा: १२१८. मौलूदीत साधारण ५७२ मिळवले की इसवी सन येतो. पात्यावर किंवा मुठीवर वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी असेल तर ही शक्यता आधी तपासा. बाजारात टिपूच्या नावाचा भाव मोठा आहे: त्याची म्हणून विकलेली, 'शमशीर-ए मलिक' असा मजकूर असलेली तलवार लंडनमध्ये मे २०२३ मध्ये सुमारे १.४ कोटी पौंडांना गेली. त्यामुळे नंतर घातलेल्या वाघपट्ट्यांची संख्याही मोठी आहे.

१३. अक्षरं देवनागरीच आहेत, पण वाचता येत नाहीत. का?

कारण ती लेखणीने लिहिलेली नाहीत, ठोकलेली आहेत. पोगराने (ठोकायच्या टोकदार हत्याराने) एकेक ठिपका देत अक्षर उभं करताना डोक्यावरची रेघ गाळली जाते आणि ओळ गुजराती किंवा महाजनी (व्यापाऱ्यांची लिपी) वाटू लागते. ठिपके जोडून कागदावर अक्षर मोठं काढा, मग वर रेघ द्या.

दुसरं कारण राजस्थानी शुद्धलेखन. तिथे 'ख' साठी 'ष' लिहायची पद्धत होती. 'सीलेषाना' म्हणजे सिलेखाना, 'षांडो' म्हणजे खांडा. 'ब' आणि 'व' यांच्यातही पुष्कळदा फरक केलेला नसतो. अशा नोंदींत वाक्य शोधू नका. भांडाराचं नाव, क्रमांक, साल, क्वचित वस्तू कुठून आली, एवढंच असतं. पण ते एवढंच फार मोलाचं आहे.

१४. मराठा सरदाराचं नाव असलेला मजकूर कसा असतो?

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना घेतलेली नागपूरकर भोसल्यांची तलवार हा उत्तम धडा आहे. सरळ युरोपीय पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलं आहे: 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'. यात क्रम पाहा: आदरार्थी शब्द, नाव, पदवी, आणि शेवटी हत्याराचा प्रकार. 'फिरंग' हा नावाचा भाग नाही. परदेशी पात्याच्या तलवारीला म्हणायचा तो शब्द.

ती तलवार पहिल्या रघूजींची मानली जाते. पण घरच्या तलवारीवर अशीच ओळ सापडली तर लक्षात ठेवा, 'सेनासाहेब सुभा' ही पदवी त्या घराण्यात पुढेही चालली आणि रघूजी नावही पुन्हा आलं. नाव आणि पदवी यांच्या बळावर पिढी ठरत नाही. मुठीची घडण आणि अक्षरवळण मदतीला घ्यावं लागतं. बादशाही नावांचंही तेच. 'आलमगीर' म्हणजे औरंगजेबच असं नाही, १७५४ ते १७५९ मध्ये दुसरा आलमगीर होता. 'साहिब-ए किरान-ए सानी' मात्र बहुधा शाहजहान.

१५. अक्षरं गोलगोल जोडलेली आहेत. मोडी असेल ना?

फार क्वचित. मोडी बोरूने झरझर लिहायची लिपी, छिन्नीला ती सोयीची नाही. मराठी नावं पोलादावर बहुधा बाळबोधात येतात. मोडी वाटणारी ओळ आधी नस्तालीक म्हणून उलटसुलट पाहा.

१६. रोमन अक्षरं आहेत. मग ती पोर्तुगीज तलवार, वसईच्या लढाईतली?

चिमाजी अप्पांच्या १७३७–३९ च्या मोहिमेमुळे ठाणे, घोडबंदर, वसई पट्ट्यात हा समज घरोघरी आहे. शक्यता असते, पण रोमन अक्षरं तेवढ्याने ती सिद्ध होत नाही. युरोपीय पाती दोन शतकं व्यापारात येत होती आणि त्यांतली बरीच जर्मनीतल्या झोलिंगन गावची. तिथल्या कारागिरांनी 'आंद्रेया फेरारा' हे इटालियन नावही सर्रास घातलं. धावत्या लांडग्याची ओबडधोबड आकृती पासाऊ-झोलिंगनची. पापणीच्या केसांसारख्या दातेरी दोन कमानी ही जेनोव्हाची खूण, जिची नक्कल आपल्याकडच्या लोहारांनी भरपूर केली. नकलेत दात असमान आणि अक्षरं उलटसुलट असतात.

'आय एच एस' ही तीन अक्षरं येशूच्या नावाची ख्रिस्ती खूण आहे. ती कुणा मालकाची आद्याक्षरं नव्हेत. स्पॅनिश पात्यांवर 'नो मे साकेस सिन रासोन, नो मे एनवाइनेस सिन ओनोर' हे वचन भेटतं: कारणावाचून उपसू नकोस, मान राखल्यावाचून म्यान करू नकोस.

१७. पात्यावर षट्कोनी तारा आहे. तांत्रिक यंत्र का?

त्याच्या मधोमध पितळेची टिकली आणि 'प्रूव्हड' हा शब्द असेल तर ती इंग्लंडमधल्या कारखान्याची चाचणी-खूण. 'आय एस डी' आणि बाणाचं टोक असेल तर इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे ब्रिटिश हिंदी फौजेसाठी खरेदी केलेलं हत्यार. पाठीवर 'मोल' असेल तर बर्मिंगहॅमचा कारखाना. मूठ हुबेहूब देशी असली तरी.

१८. सोन्याची अक्षरं खरी की अलीकडची, घरी कळेल का?

दहापट भिंग घ्या. जुन्या कोफ्तगिरीत जिथे सोनं झिजलं आहे तिथे खाली ओरखड्यांची जाळी दिसते. तहनिशानमध्ये खोल चर असतो आणि सोनं पृष्ठभागाच्या पातळीला. रंग किंवा मुलामा असेल तर जाळीही नाही, चरही नाही, आणि कडा पसरलेल्या. पितळ असेल तर कडेला हिरवट-तपकिरी डाग पडतात.

मग गंजाचे खड्डे पाहा. खड्ड्याने अक्षराचा तुकडा खाल्ला असेल तर अक्षर जुनं. अक्षराची रेघ खड्ड्यात उतरून पलीकडे सलग जात असेल तर अक्षर खड्ड्यानंतरचं. सगळ्या तपासण्यांत आम्हाला ही सर्वांत भरवशाची वाटते. ॲसिडने उठवलेल्या नव्या मजकुराचा तळ एकसारखा खरबरीत असतो, छिन्नीच्या खाचेचा तळ 'व्ही' आकाराचा.

१९. मोबाइल ॲपने फोटोवरून लगेच भाषांतर दिलं. ते वापरू का?

एक चाचणी करा. तोच फोटो आरशासारखा उलटा करून पुन्हा द्या. तरीही ॲपने आत्मविश्वासाने अर्थ सांगितला तर पहिला अर्थही सोडून द्या. छापील अक्षरांवर शिकलेली ही साधनं थरांतल्या नस्तालीकसमोर अडतात आणि अर्थपूर्ण वाटेल असं वाक्य रचून देतात. अक्षरं तुम्ही स्वतः लावलीत, तर शब्दार्थ शोधायला त्यांचा उपयोग होतो.

२०. भाषांतर कागदावर कसं मांडावं?

चार ओळींत. पहिली, मजकूर कुठे आणि कोणत्या तंत्राने ('अ' बाजू, मुठीपासून ६ सें.मी., कोफ्तगिरी). दुसरी, जसा दिसतो तसा: गेलेल्या भागाला चौकोनी कंस, शंकेला प्रश्नचिन्ह, उदाहरणार्थ 'अमल-ए असद[उल्लाह] इस्फहानी(?)'. तिसरी, शब्दशः अर्थ: 'असदुल्लाह इस्फहानी याचं काम'. चौथी, तुमचं मत आणि त्याचं कारण. तिसरी आणि चौथी एकत्र करू नका. 'असदुल्लाहने बनवलेली तलवार' हे भाषांतर नाही, तो दावा आहे.

२१. जवळपास कुणाला दाखवता येईल?

शब्दकोशांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९३) गाठा. तुलनेसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रदालन निवांत पाहा. तिथली अक्षरं पाहून डोळा तयार होतो. फारसीसाठी फोर्टमधली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट, मराठी पदव्या आणि घराण्यांसाठी पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ. सगळीकडे आधी पत्र आणि फोटो पाठवा. तलवार घेऊन जाऊ नका (प्रश्न २२). आणि किंमत विचारू नका, ते संशोधकांचं काम नाही.

२२. लोकलने तलवार मुंबईला नेली तर चालेल का? विकता येईल का?

नेऊ नका. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची तलवार शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्रांच्या यादीत येते. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांत मनाई आदेश निघतात, त्यांत तलवारी जवळ बाळगून फिरायला बंदी असते. म्यानात, कापडात गुंडाळलेली, 'पणजोबांची' असली तरी. घरात ठेवण्याबाबतही आपल्या आयुक्तालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारा आणि पोच जपून ठेवा.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. परदेशातल्या नातेवाइकाला कुरियरने पाठवणं हा गुन्हा आहे.

२३. खंडेनवमीला पूजा करतो. मजकुराला धक्का लागेल का?

हळद-कुंकू ओलसर राहिलं की त्याखाली गंज धरतो, आणि ते खाचेत बसलं की निघत नाही. गंध-फूल म्यानाला किंवा मुठीखाली ठेवलेल्या पानावर वाहा. पात्याने लिंबू किंवा कोहळा कापू नका. पूजेनंतर पातं कोरड्या कापडाने टिपून तेलाचा पातळ हात द्या.

खाडीकाठच्या घरांत पावसाळाभर पातं म्यानात ठेवू नका, म्यानाचं लाकूड आणि कातडं ओल धरून ठेवतं. तेल लावून, सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पेटीत वेगळं ठेवा. दर महिन्याला उघडून पाहा.

२४. पाया खोदताना तलवारीचं पातं निघालं. घरी नेऊ का?

नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात, म्हणजे अर्ज अलिबागला. तोवर पातं धुऊ नका, उन्हात वाळवू नका. मातीसकट, आहे त्याच स्थितीत प्लॅस्टिकमध्ये ठेवा, सापडल्या जागेचा आणि खड्ड्याच्या खोलीचा फोटो काढा. मातीतून निघालेल्या लोखंडाचा वरचा थर वाळताना तडकून गळतो, आणि अक्षरं असतील तर ती त्याच थरात असतात.